तुमच्या रीडिंगखाली माझी सही

प्रिय बाबा,

आज तुमचा अर्ज परत आला. तिसऱ्यांदा! आईपाशी बोलायला गेले, तर तिने विषयच बदलला. म्हणून तुम्हालाच लिहून राहिले.

या वेळची हरकत ऐका. म्हणे, प्रयोगाची रीडिंग ज्यांनी घेतली त्यांची सही पाहिजे. मी स्वतः सिविल लाइन्सच्या त्या परवानगीवाल्या ऑफिसात गेले. म्हटलं, "भैया, वो मेरे पिताजी थे. अब नहीं रहे." बाबू म्हणाला, "तो मैडम, किसी ज़िंदा आदमी के रीडिंग लगाइए ना."

असा संताप आला! तुमचं म्हणणं किती साधं होतं. अणुभट्टीतला कचरा वर्षानुवर्षं किरणं फेकत राहतो अन् आपण त्याची नुसती राखण करतो. त्या किरणांनी स्फटिक उजळतो, तर त्याला सोलर सेल चिकटवून थोडी वीज काहून घेऊ नये? तपासायला परवानगी पाहिजे होती, अन् तुम्ही रिटायर. पहिल्या दोन्ही वेळा एकच शेरा: नोकरीतल्या माणसाचं नाव द्या.

ते नाव तुम्ही माझं मागितलं. मी तुमच्याच कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, पण नोकरीत पक्की नव्हते. "बाबा, आधी पक्की होऊ द्या. लोक हसतील." तुम्ही "अच्छा, चलो" म्हणाले अन् कागद घडी करून खिशात ठेवला. भांडले काहून नाही? वर्गात पोरांना थरथर कापायला लावणारे तुम्ही! एकदा रागावले असते तर मी सही केली असती. केली असती का? खरंच सांगता येत नाही.

पक्की झाल्याची ऑर्डर आली, तेव्हा तुम्हाला जाऊन दोन महिने झाले होते. मग तुमच्याच रीडिंगवर माझं नाव घालून हा तिसरा अर्ज मी दिला.

आज ऑफिसातून महाराजपूरला घरी आले, कपाटातून तुमचा स्फटिक, सेल अन् मीटर काढलं अन् तिवारीकाकांच्या एक्स-रे सेंटरला गेले. पेशंट नसले की कचऱ्याच्या किरणांऐवजी एक्स-रे वापरून तुम्ही तिथेच रीडिंग घ्यायचे ना? काकांनी मला शिशाच्या काचेमागे उभं केलं, मशीन लावलं. काटा हलला, बाबा! इतकुसाच, पण हलला! मी ओरडलेच. काका हसले, "सर भी हर बार ऐसे ही उछलते थे."

मग रडू आलं, अन् तुमचा रागही. एवढा आनंद एकट्यानेच घेतला? मला कधी बोलावलं नाही? बोलावलं असेल. मलाच वेळ नव्हता.

माझं रीडिंग तुमच्यापेक्षा कमी आलं. जोडणी सैल राहिली असेल.

सगळी रीडिंग मी पुन्हा घेईन. कल्पना तुमची असं स्वच्छ लिहून खाली माझी सही करीन, अन् परत आला अर्ज तर पुन्हा नेईन. सोमवारी वर्गातल्या दोन पोरींना सोबत नेतेय. उद्या मीही नसले, तर त्या बाबूला दाखवायला कोणीतरी ज़िंदा पाहिजे ना!

उशिरा आलेली,
तुमची मेधा