विकेटमागे आई

आबा, रविवारी पाकिटं फोडली. तीच, च्युइंगमची, आत क्रिकेटवाल्याचा फोटो निघायचा ती. नवी पेठेतलं ते जनरल स्टोअर्स तुम्हाला आठवत असेल. कुर्डुवाडीहून सोलापूरला आलो की स्टेशनवरून तुम्ही मला आधी तिथेच न्यायचात, आणि घरी गेल्यावर आईला गाडी लेट होती म्हणून सांगायचात. ते दुकान आता बंद होतंय. मी सहज डोकावले तर मालक माळा रिकामा करत होते आणि एका खोक्याच्या तळाशी ही पाकिटं होती, न उघडलेली. मला बघून म्हणाले, "कुर्डुवाडीच्या वर्कशॉपवाल्यांची लेक न्हवं तुमी? घिऊन जावा की, आमाला काय करायचीत." मी खोकं छातीशी धरून रिक्षात बसले. ऑफिसात मला सगळे मॅडम म्हणतात, आणि इथे रस्ताभर मला हसू आवरेना. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघेना का.

त्या फोटोंची आपली टीम तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगायचीच आहे. दहा जण जमले होते, कीपर तेवढा येत नव्हता. तो एक डावखुरा फिरकीवाला मात्र इतक्या वेळा आला, की तुम्ही त्याला जावई म्हणायला लागलात. "आले बघा, न बोलावता!" मग एके दिवशी तुम्ही जेवायला बसलाय, आई भाकरी थापतेय, आणि फळीवरून लोणच्याची बरणी सुटते. आई मान वर न करता डाव्या हाताने ती वरच्या वर झेलते. उजवा हात परातीतच. तुम्ही ताटावरून उठून उभे राहिलात आणि ओरडलात, "औट! गावला की गं आपला कीपर!" रेशनकार्डासाठी काढलेला तिचा एक फोटो उरला होता, तो तुम्ही पुठ्ठ्यावर चिकटवून टीममध्ये घेतलात. "चार मान्सांत माजं हसं करताय व्हय?" म्हणून ती दोन दिवस फुरंगटून होती. पण खंडेनवमीला पान्हे, हातोडी आणि तिची विळी यांच्या शेजारी तुम्ही टीमही मांडलीत आणि सगळ्यांना हळदकुंकू लावलंत, तेव्हा पदराआड हसत होती. फास्ट बोलरच्या कपाळावरचं ते कुंकू अजून निघालेलं नाही. आईच्या फोटोला लावावं लागलं नाही, तिचं तिला होतंच.

तर रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी चादर अंथरली, आईला दिवाणावर बसवलं आणि तुमच्यासारखी कॉमेंट्री करत एकेक पाकीट फोडायला घेतलं. तुमच्या वेळचे हे वाघ आता टीव्हीवर सुटाबुटात बसून नव्या पोरांना नावं ठेवतात. फोटोत मात्र कुरळे केस, मोठ्या कॉलरी. "ह्येच्या डोस्क्यावर एवडं क्येस हुतं?" आई म्हणाली, "आता कुटं गेलं?" च्युइंगमची पार पाटीवरची पेन्सिल झाली होती, तरी तिने एक दाढेखाली धरून बघितलंच. जावई दोनदा येऊन गेले. आबा, कित्येक महिन्यांत आम्ही दोघी इतक्या हसलो नव्हतो.

पण प्रत्येक पाकिटाला ती विचारायची, "कीपर आला का गं?" मी नाही म्हटलं की पदर सारखा करून पुन्हा नीट बसायची. मला आधी वाटलं, तिलाही आता उत्सुकता लागलीय. मग एकदा माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यो आला म्हंजी मला काडणार व्हय टीममदनं?" हसतच म्हणाली, पण पाकिटावरची नजर काही हलली नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुमच्यामागे तिचं रेल्वेचं क्वार्टर सुटलं, अंगण सुटलं, शेजारणी सुटल्या, माझ्याकडे आल्यावर तर स्वयंपाकघरही माझं झालं. तुम्ही दिलेली ही एक जागा तेवढी तिची आहे. मला तिची इतकी माया आली, की मी उरलेली पाकिटं भीत भीत फोडली.

शेवटचं पाकीट फोडलं, फोटो बघितला आणि म्हणाले, "जावई! परत!" आई इतकी हसली की तिला ठसका लागला. "बगितलंस? इतकी वर्सं झाली, माज्यावानी एक तरी गावला का?" मग गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आज चहा मी करणार म्हणाली. ओट्यापाशी तिच्या हातातल्या भांड्यांच्या आवाजावरूनच कळत होतं, बाई खुशीत आहे. साखर जरा जास्तच पडली होती. मी दोन कप प्यायले.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार, म्हणून बिनधास्त लिहिते. आबा, शेवटच्या पाकिटात कीपरच होता. ग्लोव्हज घालून, वाकून, अगदी तयारीत. त्याला या कागदात गुंडाळून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवतेय. तिला तुम्हीपण सांगू नका.