दार बसायचं राहिलेलं घर

२८ सप्टेंबर, रविवार
स्लॅब झाला!! नोकरीत केडगावच्या साइटवर उभं राहून इतके स्लॅब करून घेतले, पण आपल्या घराचा हा पहिलाच. जामखेडहून मिक्सर उशिरा आला, तोवर आई नारळ हातात धरून उभी. मी सगळ्यांवर फार खेकसले म्हणे. खेकसले असेन. शेवटी गड्यांना जिलेबी. हात भरून आलेत, लिहवत नाही.

२९ सप्टेंबर
मी केडगावला निघताना आण्णा म्हणाले, "ऊसतोडीला जायाच्या आत ऱ्हान्यासारखं व्हईल ना?" म्हणजे यंदाही जाणारच. आई-आण्णा दोघांचे गुडघे गेलेत. यांनी आता जाऊ नये म्हणूनच मी घर बांधायला काढलं, पण तोंडाने कसं सांगू? आण्णा म्हणजे एक नंबरचा हट्टी माणूस. मीही त्यांचीच लेक.

५ ऑक्टोबर, रविवार
स्लॅबवर पाणी साठवायला आईने मातीचे बांध घातलेत, थेट कांद्याचे वाफे! कडेला ओली पोती. पोती ज्वारीची, झटकली नव्हती. ज्वारी उगवली की!! अख्खी गल्ली बघायला वर. आण्णा म्हणाले, "इंजिनेर बाई, खुरपायला कधी येऊ?" हसून हसून मेले.

१२ ऑक्टोबर, रविवार
स्लॅबखालचं सेंटरिंग काढलं. टेकू निघायला लागले. गणित दहादा तपासलेलं, तरी डोळे मिटलेच. स्लॅब ढिम्म हलला नाही. आई खाली मधोमध जाऊन उभी राहिली, वर बघत म्हणाली, "आता पावसात भांडी मांडाया नको." मग मी रडले. आनंदानेच.
राहिलं काय? प्लास्टर, फरशी. चौकट बसली, दार राहिलं. सुतार मीच ठरवलाय.

१६ ऑक्टोबर
आण्णांचा फोन. ऊसतोडीचा मुकादम येऊन गेला, टोळी परवा निघतेय. आण्णा त्याला म्हणाले, "घराला दार न्हाई अजून. उघडं घर टाकून कसं यावं? दार बसू द्या, मग बघू."
जन्मभर पत्र्याचं खोपट दोरी बांधून सोडून जाणारा माणूस!
मला म्हणाले, "सुताराची लई घाई करू नगंस. बाकीची कामं असतील त्याला."
मी म्हटलं, "बरं."
संध्याकाळपासून सुताराचा फोन येतोय. वाजू दे.