पवनचक्कीत दळलेली भाजणी

अण्णा, तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, पण आजची गोष्ट तुम्ही ऐकली असतीत तर गिरणी बंद करून आधी पोटभर हसला असतात. "इंजिनियर हो, काहीही हो, पण या पिठातून बाहेर पड," म्हणून जिला शिकवलंत, ती तुमची मुलगी रिटायर झाल्यावर अमेरिकेत दळण दळायला लागलीय!

ॲन आर्बरहून थोडं पुढे, आमच्या गावाबाहेर एक जुनी दगडी पवनचक्की आहे. तिने जेवढे धंदे केलेत तेवढे आपल्या अख्ख्या घराण्याने मिळून केले नसतील. आधी पीठ दळलं, पाती मोडल्यावर कुणी आत सफरचंदं साठवली, मग वर पाण्याची टाकी बसली, मग मुलांची लायब्ररी झाली, आणि हल्ली नवरानवरी तिच्यापुढे फोटो काढतात. तुमचंही तसंच की. डिझेल इंजिन थकलं तेव्हा वीज आणलीत, दळणं कमी झाली तेव्हा मिरची कांडप सुरू केलंत, मग शेवयांचं मशीन. आई कुरकुरायची, तुम्ही म्हणायचात, "धंदा बदलू दे गं, जागा चालू राहिली पाहिजे."

यंदा गावाने वर्गणी काढून पाती दुरुस्त केली, आतले गुळगुळीत झालेले दगड छिन्नीने टाकी लावून पुन्हा खडबडीत करून घेतले. पण कमिटीत दोन तट. अर्ध्यांना दगड काढून तिथे लग्नाचा हॉल हवा होता. शेवटी ठरलं, एक शनिवार चक्की चालवायची, लोकांना तिथल्या पिठाचे पॅनकेक खाऊ घालायचे. आवडले तर दगड राहतील, नाहीतर हॉल. व्हॉलंटियर म्हणून मीच दळायला उभी. आठवडाभर मला धड झोप नव्हती. ते दगड निघाले असते तर मला घरचं कुणी गेल्यासारखंच वाटलं असतं, हे इथे कुणाला सांगू?

शनिवारी सकाळी छान वारा होता. लोक यायच्या आधी दगड फिरवून बघायचे होते, आणि मी दिवाळीची भाजणी भाजून डबा भरून नेलेला. तुमचे जावई म्हणाले, "अगं, ओपनिंगला भाजणी? काय यार!" मी ऐकते होय? पाती फिरली, वरचा दगड घरघरला आणि पीठ पडायला लागलं. अण्णा, तो वास! मी वेड्यासारखी टाळ्या पिटत होते. नात धावत आली, "आजी, इट स्मेल्स लाइक दिवाली!" तेवढ्यात रांग लागली आणि मी त्याच आनंदात गव्हाची पिशवी उचलून ओतली.

आपल्या गिरणीत आलेली प्रत्येक बाई डबा खाली ठेवायच्या आधी विचारायची, "अण्णा, माझ्या आधी कुणाचं होतं हो?" एकदा मी फटकन म्हटलं होतं, "काय फरक पडतो?" तुम्ही सगळ्यांसमोर मला झापलंत, "फरक त्यांच्या चपातीला पडतो, तुला नाही." आणि भाजणीनंतर घरचे मूठ-दोन मूठ तांदूळ फिरवल्याशिवाय तुम्ही कधी गहू टाकला नाहीत. गिरणीवाल्याची पोर मी, आणि साफ विसरले. गव्हाच्या पिठाला धण्याजिऱ्याचा खमंग वास! म्हटलं, संपलं, आता होऊ दे हॉल.

कमिटीची अध्यक्ष म्हणजे ऐंशीच्या घरातली, भारी करड्या शिस्तीची बाई. तिने पॅनकेकचा तुकडा तोंडात टाकला आणि थांबली. "व्हॉट डिड यू पुट इन धिस?" ती दुसरा तुकडा खाते, मग तिसरा. मग ताट घेऊन हॉलवाल्यांच्या टेबलावर जाते. एका आजोबांनी नाक मुरडलं, सिरप जास्त मागून घेतलं, पण रांग काही हटेना. पीठ संपलं तेव्हा मागचे लोक चक्क भांडायला उठले. दुपारी ती बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "द स्टोन्स स्टे." मी तिला मिठीच मारली, तिच्या काळ्या कोटाचं पार पीठ केलं. मग ती म्हणाली, "नेक्स्ट सॅटरडे, सेम फ्लाउर. एक्झॅक्टली द सेम."

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की घडी करून ठेवून देईन. पण अण्णा, हे चुकून झालं असं मी कुणालाच सांगितलं नाही. "आमच्या घरची जुनी पद्धत आहे," म्हणून ठोकून दिलं आणि वर भावही खाल्ला. आता शनिवार आला. भाजणी किती फिरवली की गव्हाला तेवढाच वास लागतो, ते मला माहीत नाही, आणि ज्यांना विचारायचं ते तुम्हीच.