घारी बसल्या की

॥ श्री ॥
रास अल खैमा, ३ डिसेंबर १९९६

ती. संध्याताईस सुदेशचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसली असशील. माझी ड्यूटी बदलली. साइटवरून काढून जेट्टीवर वॉचमन केलंय. बार्ज आली की गेट उघडायचं, गेली की बंद करायचं, खलास. सुद्याला बसून खायला हवं असं तू म्हणायचीस, ते कुणीतरी ऐकलं बघ.

जेट्टीच्या टोकाला दिव्याचा जुना खांब आहे. दिवा कधीच गेलाय, पण वरच्या लोखंडी चौकटीवर काटक्यांचं भलंमोठं घरटं आहे, गाडीच्या चाकाएवढं. आपल्या खाडीवर थंडीत मासे मारायला घारी येतात ना, तसल्याच घारींचं. उन्हाळ्यात गेल्या त्या अजून आलेल्या नाहीत. आमचा फोरमन मुनीर सांगतो, जानेवारीत पाऊस पडून डोंगराखालचं रान हिरवं झालं की जोडी येते. इथला वसंत तोच. मीही मान वर करून वाट बघत बसतो. बापूंना सांग. गलबतावर खलाशी होते तेव्हा ते याच किनाऱ्याला लागायचे, त्यांनी पाहिल्या असतील.

माझी दोन वर्षं मार्चमध्ये भरतात. साहेब शिमग्याला सोडतो म्हणालाय, इन्शाल्ला. तोवर बापू राहायला हवेत, ताई. आईच्या वेळी मला पोचता आलं नाही. बापूंना एकदा डोळे भरून बघू दे, दुसरं काही नको.

माया आटू देऊ नकोस.
तुझा सुदेश

॥ श्री ॥
मिठबाव, १८ डिसेंबर १९९६

चि. सुदेश यास संध्याताईचे अनेक आशीर्वाद.

गाल फुगवायला वेळ कुठे आहे मला? बापूंची उजवी बाजू गेली ती गेलीच. जेवण चार घास. डावा हात मात्र स्वस्थ नाही. आईच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या करून दिल्यात, त्यांना दिवसभर गाठी मारत असतात. तीच त्यांची गलबतावरची उलट्या पिळाची गाठ, जी गावात कुणाला सुटत नाही. संध्याकाळी मी उशाशी ठेवते, सकाळी एखादी कमी असते. आधी मांजरीवर आळ घेतला. आता घेत नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं. घारींचं ऐकल्यावर हसले, किती महिन्यांनी. म्हणाले, पौषात येतील, आणि त्या घरट्यात बसल्या की मीही सुटेन. मी रागावले, भलतंसलतं बोलू नका म्हटलं. मग त्यांनी विचारलं, घरट्यात निळा दोर आणि लहान मुलाची एक चप्पल आहे ती काढली नाही ना सुदेशने? तू तर तसं काही लिहिलं नव्हतंस. मी पत्र पुन्हा वाचून पाहिलं. मला त्या दिवसापासून घरात एकटं वाटत नाही, आणि ते बरं वाटत नाही.

अंगात स्वेटर घालत जा.
संध्याताई

॥ श्री ॥
रास अल खैमा, ५ जानेवारी १९९७

ती. संध्याताईस सा. न.

तुझं पत्र वाचून शिडी लावली आणि वर चढलो. निळा दोर आहे. चप्पल आहे, डाव्या पायाची, बोटभर लांब. माझ्याआधी वर कुणी चढलेलं नाही, मुनीर शपथेवर सांगतो. 

मग मी जे केलं ते सांगतो, ओरडू नकोस. घरटंच नसलं तर घारी बसणार कशावर? सगळं मोडून समुद्रात लोटलं. काटकी ठेवली नाही. मुनीर खालून नको नको म्हणत होता. त्याला म्हटलं, हबीबी, तुझा बाप घरी धडधाकट आहे, तू गप्प बस. बापूंना शिमग्यापर्यंत धरून ठेव, ताई. मी येतोच.

रागावलीस तरी लिहीत राहा.
सुदेश

॥ श्री ॥
मिठबाव, १४ जानेवारी १९९७

चि. सुदेश यास आशीर्वाद.

महिनाभरात तुझं पत्र नाही, तरी लिहिते. गेल्या पाच तारखेपासून बापूंचं पाणीसुद्धा खाली उतरत नाही. डॉक्टर म्हणाले होते, रात्र निघणार नाही. ती निघाली, आणि पुढच्याही निघाल्या. डोळे मिटत नाहीत. खाटेवरून खाली घोंगडीवर घेतलं, तुळशीपत्र ठेवलं, गुरवाने देवळात गाऱ्हाणं घातलं. जीव जात नाही. डावा हात पंखासारखा जमिनीवर आपटत राहतो. म्हणतात, पाय टेकायला जागा नाही. आणि एकसारखे विचारतात, सुदेशने का मोडलं?

काय मोडलंस रे तू? जे असेल ते परत कर. तुझी भेट व्हावी असं मलाही वाटत होतं. पण हे हाल तू पाहिले नाहीस, मी बघते आहे. त्यांना जाऊ दे, बाळा.

ताई

रास अल खैमा, २४ जानेवारी १९९७

ताई,

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. घारी पाच तारखेलाच आल्या होत्या, माझं मोडून झालं त्या संध्याकाळी. तेव्हापासून खांबाभोवती फिरत होत्या. नख्यांत मासा, पण खायला टेकायचं कुठे? पिल्लासारख्या ओरडायच्या. मी कानात कापूस घालून गेटवर बसायचो.

आज शुक्रवार, जेट्टी बंद. मुनीर नमाजहून आला आणि काही न विचारता काटक्या वर देत राहिला. खाडीतल्या झुडपांच्या फांद्या, खजुरीच्या झावळ्या, फुटक्या पॅलेटच्या फळ्या. मी रचत होतो. आडव्या, मग उभ्या, पुन्हा आडव्या. अर्ध्यात लक्षात आलं की असं रचणं मी मिठबावच्या मसणात पाहिलंय. लेकाचं काम ते. मग रडत रडतच केलं. उजवीकडे काटक्या कमी पडल्या, ती बाजू जरा बसली.

मी खाली उतरताच जोडी येऊन बसली. मादीच्या चोचीत काहीतरी हिरवं होतं, ते तिने काटक्यांत खोचलं. वाऱ्यावर हलत होतं, गाठ स्पष्ट दिसत होती. मी वर चढलो नाही.

मुनीरकडून डोकं भादरून घेतलं. वर श्री लिहिलेला नाही, हे तू पाहिलंसच.

सुदेश

मिठबाव, २४ जानेवारी १९९७

सुदेश,

बापू आज संध्याकाळी गेले. हात थांबला, डोळे आपले आपण मिटले. मुठीतली चिंधी मात्र घरभर शोधूनही मिळाली नाही.

जाण्याआधी पाणी मागून प्यायले. अगदी शुद्धीत होते. म्हणाले, सुदेशला कळव, चांगलं रचलंय. उजवी बाजू थोडी बसलीय, पण चालेल.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक. असलं घरात ठेवायचं नसतं.

ताई