माझ्या दाढेचा फोटो

पोखर्णी,
चैत्र, सन १९४५

प्रिय नर्मदा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर धाडलं नाही, कारण दोन्हींत तू एकच विचारलंस, दाढेचा फोटो कधी पाठवतेस? दाढ काढण्याआधी बन्सीधरदादांना तो पुन्हा बघायचाय, हे कळतं गं मला. घरच्यांना दाखवून परवानगी घेते म्हणून तोऱ्यात मीच तो मागून आणला. आता काय लिहावं या लाजेनं रोज दौत उघडायची आणि झाकून ठेवायची, असं चाललंय.

तुझ्या भावाच्या त्या हैदराबादच्या दवाखान्यात मी किती घाबरले होते, आठवतं? अंगठ्याएवढी पट्टी गालाच्या आत ठेवून दादा म्हणाले, बोटानं धरून बसा, आणि स्वतः दाराआड गेले. मला वाटलं, मला एकटीला मरायला ठेवून निघाले! मग त्यांनीच हसत समजावलं. किरण जबड्यापुरता, क्षणभराचा. यंत्र बंद झालं की अंगात काही उरत नाही. उगाच कुणी काढू नये, पण गरजेला एखादा काढला तर भ्यायचं कारण नाही. ते दिवसभर यंत्रापाशी असतात म्हणून त्यांना जपावं लागतं. हे सगळं आमच्या ह्यांनीही शेजारी उभं राहून ऐकलं. मी तर गावी पंडितीण होऊनच परतले.

दारात उजेडाला धरून मी तो फोटो सासूबाईंना दाखवला. ही दाढ, हे मूळ, आणि हा काळा डाग म्हणजे पू. त्या दोन पावलं मागं सरल्या. आपल्याकडे हाडं कधी बघतात, सांग बरं. राख सावडताना. आणि मग ती कुठं जातात, तेही तुला ठाऊक आहे. "जित्या माणसाची हाडं घरात ठिवायची न्हाईत," म्हणून त्या रडायलाच लागल्या. चुलतसासरे भुजंगमामा आमच्या घरात कर्ते. त्यांनी विचारलं, "धोका न्हाई, तर डाक्टर दाराआड कामून गेला?" मी म्हटलं, रोज चुलीपुढं बसणारीचे डोळे धुरानं जातात, एक दिवस चहा टाकणारीचे नाही जात. झालं, सुनेला तोंड फुटलं! "किरणं आत ऱ्हायलीत. आता हिची कूस उजवायची न्हाई," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून बैलांची दावी सोडायला गेले.

नर्मदा, माझा फोटो आम्ही गंगाखेडला नेऊन गोदागंगेत सोडला. हस, खुशाल हस. गाडीत मीच तो मांडीवर घेऊन बसले होते. घाटावर गुरुजींनी मृताचं नाव विचारलं. भुजंगमामांनी माझं नाव सांगितलं आणि मी पदर घेऊन तिथंच उभी! गुरुजींनी कधी वारली म्हणून विचारलं, तेव्हा सगळे पाण्याकडे बघत राहिले. माझे हेसुद्धा. एकदाचं संपावं म्हणून शेवटी मीच हातानं सोडला. तो मेला बुडेना. सासूबाईंनी पाणी ढकलून लांब केला. मला आधी हसू आलं, मग इतकी शरम वाटली की अजून आरशात बघवत नाही.

आता गाल सुजलाय. पू आहे, सुजेल, असं दादा आधीच म्हणाले होते. पण इथं जो तो म्हणतो, किरणं बाहेर पडायलीत. काल हे आणि भुजंगमामा मानवतला मुलगी बघून आले. पहिलीला मूल व्हायचं नाही म्हणून दुसरी करायची, कुणाला वावगंही वाटलं नाही. मला विचारायचं तर लांबच, ह्यांनी आल्यावर तांब्यासुद्धा माझ्या हातून घेतला नाही.

तर दादांना सांग, फोटो पाण्यात गेला, दुसरा काढावा लागेल. माझा भाऊ मला घेऊन येईल. आणि दवाखान्याच्या शिक्क्याचा एक कागद धाड, उर्दूत. भुजंगमामांना वाचता येत नाही, पण उर्दू अक्षर दिसलं की निजामाचा सरकारी कागद समजून ते गप्प बसतात. दाढेच्या फोटोनं बाई वांझ होत नाही, एवढंच लिहू देत. पण खरं सांगू? नुसता कागदच हवा असता तर माझ्याच भावाकडून उर्दूत चार ओळी लिहून घेतल्या असत्या. लग्नाला तीन वर्षं झाली, अजून काही नाही, आणि तो फोटो तर आत्ता काढला, एवढा हिशेब मला कळतो. घरात सगळ्यांशी भांडते, दादांचं बोलणं तोंडपाठ म्हणून दाखवते आणि भाकरी थापता थापता माझा हात थांबतो. शिकलेली बाई मी, तुझ्याशिवाय कुणाला विचारू? मला काही झालं नाही ना गं? दादांना पुन्हा एकदा विचार, आणि ते उत्तर त्या कागदात नको, मला एकटीला लिही.

तुझीच,
धुरपता