पूजेतला रंधा

खंडेनवमी, संध्याकाळ

बोटांवरचं कुंकू जात नाहीये. दोनदा साबण लावला, तरी नखांच्या कडेला आहेच.

आज हत्याराला हात लावायचा नसतो, हे काय मला माहीत नव्हतं? सकाळी बाबूकाकांच्या चिंचपोकळीच्या गाळ्यात सगळी हत्यारं पाटावर मांडली, ती मीच. पण कालची फळी डोक्यातून जाईना. बँक सोडून चाळिशीत सुतारकाम शिकायला निघाले आणि साधी एक फळी सपाट होत नाही! म्हणून दुपारी परत गेले. काका पोटमाळ्यावर झोपलेले.

उचलायचा होता माझा रंधा. हात गेला सुहासच्या रंध्यावर. काकांचा हा मुलगा वारला तेव्हापासून तो रंधा भिंतीवरच असतो, वर्षातून एकदा पूजेला खाली येतो. मी का उचलला? खरंच सांगता येत नाही. पण फळीवरून काय सरसर गेला! अखंड ढलपी निघाली. आवाजसुद्धा माझ्या रंध्याचा नव्हे, लांब, एकसुरी. मग फळीवर माझ्या बोटांचं कुंकू दिसलं आणि मी दचकून थांबले.

वरून काकांचा झोपाळलेला आवाज आला, "सुहास, थांबलंस कित्याक? चलांदे."

"काका, मी आहे," एवढंच तर म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं.

मी रंधा पुन्हा चालवला. काका घोरायला लागेपर्यंत चालवत राहिले.