सौनात बॅटरी टिकत नाही

ओउलु, शुक्रवार

प्रिय हेल्वीमावशी,

नमस्कार. तुझे गुडघे आणि तळ्यातले मासे, दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. डॉक्टरांनी बजावल्यापासून तू सौनाची वाफखोली कोमटच ठेवतेस, असं आई सगळ्यांना कौतुकाने सांगत असते. काकांना नमस्कार.

मावशी, जमलं! पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा, त्याला ना बॅटरी ना वायर. टीव्हीच्या मनोऱ्यावरून ज्या लहरी हवेत सुटतात, त्यांतल्या चिमूटभर तो पोटात घालतो आणि तेवढ्यावर आजूबाजूची उष्णता मोजून कळवतो. (सौनाच्या वरच्या, बसायच्या फळीवर बॅटरी टिकत नाही, आमच्या दोन फुगल्या.) तो चालतो हे मला पक्कं ठाऊक आहे. कसं, ते आत्ता विचारू नकोस.

तर आज आमचं काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं हे ठरवणारी मंडळी आली होती. आउलिससरांनी त्यांना थेट आपल्या घरच्या सौनात बसवलं. (सरांनी तो स्वतःच्या हातांनी बांधलाय आणि ते प्रत्येकाला सांगितल्याशिवाय राहत नाहीत.) मी बाहेर, कॉम्प्युटरसमोर. आतून सर ओरडले, "सिर्का, किती अंश?" मी म्हटलं, "सर, काहीच नाही!" "काहीच नाही? अगं, इथे माझे कान भाजतायत!" तुकडा बाहेर आणला की घडाघडा बोले, आत नेला की मुका. शेवटी मी दारातून विचारलं, "सर, भिंतीच्या फळ्यांमागे काय लावलंय?" सर अभिमानाने म्हणाले, "अॅल्युमिनियमचा कागद! दुहेरी! कणभर वाफ बाहेर जाणार नाही." आणि मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. लहरीही आत येणार नव्हत्या ना! (जन्मभर लहरी शिकवलेला माणूस, पण सौना बांधताना आपण सगळेच नुसते सौना बांधणारे असतो.)

पाहुणे टॉवेलात घाम पुसत म्हणाले, "सौना झकास. तुकड्याला पुढच्या शनिवारी शेवटची संधी."

तुझी,
सिर्का

ता.क. तुझा सौना जुना, नुसत्या ओंडक्यांचा, कागदाचा पत्ता नाही आणि समोर तळ्यापलीकडे मनोरा. शनिवारी आम्ही येऊ का? तू आत काकांचं घड्याळसुद्धा नेऊ देत नाहीस, हे माहीत आहे. तरी विचारते.

ता.क. २. नाही म्हणण्याआधी एक सांगते. जूनमध्ये आले होते तेव्हा एक तुकडा वरच्या फळीखाली चिकटवला, आणि होडीघरात ठेवलेला माझा डबा गळांचा नाही, तो त्या तुकड्याचे आकडे मला पाठवतो. तुकडा उत्तम चालतोय. मंगळवारी पंच्याण्णव अंश होते, मावशी. आईला अजून काही बोललेले नाही.